इतकीशी निळी पेटी

आयुष पहिल्यांदा ग्यानोबांच्या पेट्यांच्या दुकानात आला, तो त्याची गिटार बोलत नव्हती म्हणून नाही. ती नको ते बोलत होती म्हणून.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या एप्रिलचा पहिला आठवडा होता. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागले होते आणि जरा वारा सुटला की ती पिवळी धूळ रस्ता ओलांडून थेट दुकानात यायची, नव्याकोऱ्या पत्र्यांवर ऐसपैस बसायची. दीक्षा दिवसातून दहा वेळा फडकं मारायची. त्या दुपारी मात्र तिच्या हातात फडकं नव्हतं, बारीक कुंचला होता. एका लग्नाच्या पेटीचं झाकण उघडून ती आतल्या बाजूला नवरीचं नाव लिहीत होती. ‘रागिणी’तली शेवटची वेलांटी ओढून मान वर करते तो काय… समोर एक उंच, सावळा मुलगा, हातात फुटकी साबणाची डबी घेऊन उभा!

"पेटी पाहिजे होती," तो म्हणाला.

"केवढी?"

त्याने दोन हातांनी दाखवलं. विटेपेक्षाही लहान.

दीक्षाने आधी त्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "मुंगीचं लगीन हाय का घरी?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. "न्हाई… गिटारसाठी."

"एवढ्यात गिटार बसंल व्हय?"

"गिटार न्हाई," तो म्हणाला, "तिचा आवाज बसंल."

आता असं उत्तर ऐकल्यावर कोण कुंचला हातात धरून बसेल? दीक्षाने तो तेलाच्या डब्यात टाकला आणि स्टूल पुढे सरकवलं.

आयुष मूळचा साखऱ्याचा. गल्लीच्या टोकाला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे कामाला होता आणि वरच्याच खोलीत राहत होता. नांदेडच्या कुणा वादकाची जुनी, करंटवर वाजणारी गिटार त्याला मिळाली होती. तिच्या पायाशी ठेवायचं एक यंत्र तो स्वतः बनवत होता. रद्दीतल्या एका मासिकात त्याचा नकाशा सापडला होता, तो पानाची घडी उलगडून त्याने दाखवला. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर बारीकसारीक सामान आणि एक बॅटरी. पायाने बटण दाबलं की साधा आवाज म्हणे पेटून उठायचा.

"मंग साबणाच्या डबीत काय वाईट होतं?"

"एक तर पाय दिला की फुटती. अन् दुसरं…" तो जरा अडखळला. "प्लास्टिकमधून रेडिओ घुसतो. काल सराव करून राहिलो होतो, तर गिटारीतून हळदीचे भाव यायला लागले."

दीक्षा इतकी हसली, इतकी हसली की मागे पत्रा ठोकणारे ग्यानोबा हातोडी थांबवून पाहू लागले.

"चढे होते का पडले होते?" तिने डोळे पुसत विचारलं.

"चढे होते," आयुष म्हणाला, आणि मग त्यालाही हसू फुटलं. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा आधी मिटायचा. हे तिला त्या दिवशीच दिसलं. काही गोष्टी उगाचच लवकर दिसतात.

"पत्र्याच्या पेटीत बसवलं की बाहेरचं काही आत येत न्हाई," तो सांगत होता. बोलता बोलता त्याची नजर त्या उघड्या झाकणाकडे गेली. "नाव आतून काहून लिहिता तुमी?"

"आमच्या दुकानाची रीतच हाय तशी, आजोबांपासून. सासरी धा पेट्या असत्यात, झाकण उघडलं की कळलं पाहिजे ही कुणाची. बाहेरची फुलं समद्या गावाला दिसत्यात. आतलं नाव जिची पेटी तिला दिसतं… अन् ती ज्याला उघडू देईल त्याला."

तो जरा वाकला. ओल्या अक्षरांकडे बघत राहिला.

"केवढं सरळ हाय," शेवटी हळूच म्हणाला. "हात जरा पण हालला न्हाई तुमचा."

हात हलत नाही, ही दीक्षाची ख्यातीच होती. बारावीनंतर ती बापाच्या हाताखाली आली, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिने किती नवरीमुलींची नावं लिहिली याचा हिशेब नव्हता, पण एक रेघ कधी वाकडी गेली नव्हती. ग्यानोबा कौतुकाने म्हणायचे, पोरीचा हात हाय का छापखाना! पण कुणी अनोळखी माणसाने असं दबक्या आवाजात, देवळात बोलावं तसं म्हटलं, हे पहिल्यांदाच.

पेटीला पाच दिवस लागले. खरं सांगायचं तर दोन पुरले असते. पण तो रोज संध्याकाळी यायचा, दुकान सुटल्यावर, आणि रोज काहीतरी राहूनच जायचं.

दीक्षाने लहानशी पेटी करायची ठरवली ती अगदी मोठ्या पेटीसारखीच. खाली तळ, वर बिजागरीचं झाकण, पुढे करंगळीएवढी कडी. झाकणावरच सगळी भोकं हवी होती, दोन वायरींची, एक बटणाचं. टोकदार खिळ्याने तिने पत्र्यावर रेघा मारल्या, गुण्या लावून काटकोन पाहिले आणि मोठी कात्री चालवली. जाड पत्रा कागदासारखा उलगडत गेला. आयुष बघतच राहिला.

"एवढ्या जाड पत्र्याला तकलीफ होत न्हाई का कापायला?"

"पत्र्याला जबरदस्ती केली की तो वाकडा होतो," ती म्हणाली. "त्याला जायचं असतं तिकडं न्यायचं. आपण निस्तं सोबत चालायचं."

भोकांचं काम नाजूक होतं. हातड्रिलने बारीक भोक पाडायचं आणि मग गोल कानशीने चहूबाजूंनी घासत घासत मोठं करायचं. जरा जास्त घासलं की बटण सैल. ती घासायची, बटण लावून बघायची, मान हलवायची, पुन्हा घासायची. पत्र्याचा चांदीसारखा भुगा तिच्या बोटांवर साचायचा. शेवटी बटण असं बसलं, की आयुषने झाकण उलटं करून हलवलं तरी निघेना.

"पेटी असावी तर अशी," तो म्हणाला.

"माणूस पण असावा तर असा," ती सहज बोलून गेली. "एकदा बसला की बसला… हालायचं नाव न्हाई."

कानस उगाचच चालत राहिली.

"मला हालावं लागंल मात्र," तो जरा वेळाने म्हणाला.

नांदेडच्या हरिचंद यांची गायन पार्टी चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमाला हिंगोलीत येणार होती. त्यांचा गिटारवाला नोकरी लागून निघून गेला होता. त्यांनी निरोप धाडला होता, एक गाणं आमच्यासोबत वाजव, पसंत पडलं तर दुसऱ्याच दिवशी सोबत घेतो. नागपूर, अकोला, औरंगाबाद… वर्षभर फिरायचं.

"साखऱ्यातून आजवर कोणी असं गेलं न्हाई," आयुष म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "लहानपणापासून एवढंच मागत आलो मी."

दीक्षाने भोकात फुंकर मारून भुगा उडवला. म्हणजे ही पेटी जितकी चांगली होईल, तितका हा लवकर जाणार. तिला क्षणभर वाटलं, एखादी रेघ चुकवावी का? पण हाताला ते ठाऊकच नव्हतं. हाताने रेघ सरळच मारली.

पाचव्या संध्याकाळी त्याने आतलं सामान बसवलं. काळ्या, लाल वायरी, मुगाच्या दाण्याएवढे तुकडे, त्यांना जोडणारे कथलाचे चमकते थेंब. दीक्षा वाकून पाहत होती. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटावर पडलं होतं आणि तो ते बाजूला करत नव्हता.

"या भोकापासून त्या भोकापर्यंत वायर न्हाई लावली?" तिने विचारलं.

"गरज न्हाई. तुमचा पत्राच वायर हाय. परतीचा करंट त्याच्यातूनच जातो." मग जरा थांबून, "समदं तुमच्या पत्र्यावरच उभं हाय बघा."

दुरुस्तीच्या दुकानातला एक स्पीकर त्याने आणला होता. गिटार गळ्यात अडकवली, तार छेडली. टिंग… साधा, गोड आवाज. मग त्याने पायाने बटण दाबलं.

काय सांगावं! आवाज आला तो आला, पण दुकानात रचून ठेवलेल्या साठ-सत्तर रिकाम्या पेट्या एकाच वेळी गुणगुणायला लागल्या. एकीवर एक, भिंतीपासून छतापर्यंत, प्रत्येक पेटी आपल्या आकाराच्या सुरात! मोठ्या खर्जात, लहान वरच्या पट्टीत. कड्या किणकिणल्या. पत्र्यांवरची हळदीची धूळ थरथरत उठली आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सोन्यासारखी तरंगत राहिली. ज्या पेट्यांवर दीक्षाने जन्मभर फक्त हातोडीचा आवाज ऐकला होता, त्यांच्या पोटात हे गाणं होतं? तिच्या अंगावर सरसरून काटा आला. डोळ्यांत पाणी का आलं, ते तिला समजलं नाही.

ग्यानोबा हातातला पत्रा तसाच धरून उभे होते. "अरं बापा…" एवढंच म्हणाले.

आयुषने तारेवर तळवा ठेवला. एकेक पेटी गप्प होत गेली. तो दीक्षाकडे बघत होता आणि दीक्षा त्याच्याकडे.

"तुमी केलं हे," ती म्हणाली.

"दोघांनी केलं," तो म्हणाला.

तळाला रबराचे पाय लावायचे राहिलेत, या निमित्ताने पेटी तिच्याकडेच राहिली. जयंतीला तीन दिवस होते आणि दीक्षाच्या मनात एक बेत होता. त्याला न सांगता पेटी रंगवायची. कोऱ्या पत्र्यावर त्याने असं मंचावर जावं? त्यात आपली काय शोभा?

तिने नट सैल करून आतलं सगळं जपून बाहेर काढलं, एकही वायर तुटू दिली नाही. मग गर्द निळा रंग दिला. बाहेरून दोन हात आणि आतूनही दोन हात. आतून रंग नसला की पेटी गंजते, हे तिने बापाकडून बोलायला शिकण्याआधी ऐकलं होतं. भोकांच्या कडा तर तिने मुद्दाम जास्त जपून रंगवल्या. झाकणावर हळदी रंगाची फुलं काढली. आणि सगळं वाळल्यावर, आतल्या बाजूला, दोन भोकांच्या मधोमध, सर्वांत बारीक कुंचल्याने तिने तीन वर्षांत एकदाही न लिहिलेलं एक नाव लिहिलं. स्वतःचं.

लिहिलं, आतलं सामान होतं तसं बसवून नट आवळले आणि कडी लावून टाकली. त्याला दिसेल तेव्हा दिसेल. बॅटरी संपेल, तो झाकण उघडेल… नागपुरात, अकोल्यात, कुठेही. तेव्हा आपण समोर नसू, म्हणजे लाजायलाही नको.

चौदा तारखेला ऊन कलल्यावर मैदानावरचा मंडप भरला. वर पत्र्यांचं छत, खाली निळ्या पताका, माणसांचा नुसता सागर. दीक्षाने गर्दीतून वाट काढत पेटी मंचाच्या पायरीशी नेऊन दिली. आयुषने रुमाल उलगडला.

"हे…" फुलांवरून त्याने एक बोट फिरवलं. "हिला पायाखाली कसं घेऊ मी?"

"हळूच घ्या," ती म्हणाली आणि पळाली.

ती आई रुक्माबाईंशेजारी बायकांमध्ये जाऊन बसली. हरिचंद उठले. पांढरा शर्ट, भरदार आवाज. ढोलकी कडाडली, पहिलं कडवं झालं आणि त्यांनी आयुषकडे बघून मान हलवली. त्याने डोळे मिटले, बटण दाबलं…

भुंऽऽऽऽ!

नुसती गुणगुण. मोहोळ उठावं तशी, कान फाडणारी. आयुषने बटण पुन्हा दाबून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या. भुंऽऽऽ. मागून कुणीतरी शिट्टी मारली. हरिचंदांच्या कपाळावर आठी पडली, ढोलकी थांबली. आयुष गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा चेहरा… दीक्षाला तो चेहरा बघवेना.

तीन दिवसांपूर्वी तर बोलली की ही पेटी! साठ पेट्यांना घेऊन बोलली! मग तेव्हापासून बदललं काय? सामान तेच, वायरी त्याच. बदलला तो फक्त रंग.

तुमचा पत्राच वायर हाय.

दोन हात आतून, दोन हात बाहेरून, भोकांच्या कडा तर मुद्दाम जास्त. रंगाने पत्रा झाकला होता आणि करंटाची वाट बंद झाली होती. तिने स्वतः, जीव लावून, बंद केली होती.

आणि त्याच वेळी मनाच्या तळातून एक बारीक आवाज आला. गप्प बस. कुणाला कळणार आहे? तो जाणार नाही. उद्या संध्याकाळी दुकानात येईल, परवा येईल, रोज येईल…

लहानपणापासून एवढंच मागत आलो मी.

दीक्षा उठली.

"काहून उठली गं? बस खाली!" रुक्माबाईंनी तिचा हात धरला.

"आई, माझी चूक हाय ती. मलाच जावं लागंल."

साऱ्या हिंगोलीच्या देखत ती मंचाच्या पायऱ्या चढली. आयुषसमोर बसली तेव्हा तिला धाप लागली होती.

"रंग," ती म्हणाली. "रंगानं अडवलंय. मी आतून पण दिला. झाकण उघडा."

त्याला क्षणात उमगलं. त्याने कडी काढली, झाकण वर केलं. आणि थांबला.

निळ्यावर पिवळं. सरळ, बारीक, एक रेघही न हललेलं. दीक्षा.

ती मान खाली घालून ओढणीची पिन काढत होती. कान तापले होते. एवढ्या गर्दीत कुणीच बोलत नव्हतं, की तिलाच ऐकू येत नव्हतं?

"आतलं नाव…" आयुषने अक्षरांजवळ बोट नेलं, "ती ज्याला उघडू देईल त्याला दिसतं, असंच म्हणला होता ना तुमी?"

"वाचता आलं ना? मंग धरा नीट," ती पुटपुटली. "आधी गाणं."

त्याने नट सैल केले, तिने भोकाच्या कडा खरवडायला घेतल्या. जिने जन्मात पेटीवर ओरखडा पडू दिला नाही, ती पिनेने आपलाच रंग ओरबाडत होती.

"नाव राहू द्या," तो घाईने म्हणाला. "बाजूनं खरडा."

"बाजूनं भागणार न्हाई." आणि ‘क्षा’चा काना खरवडला गेला. खालून पांढराशुभ्र पत्रा चमकला. दुसरं भोकही मोकळं झालं. आयुषने नट आवळले, झाकण मिटलं, उभा राहिला.

"झालं का बाळा?" हरिचंदांनी माइकवरून विचारलं.

"व्हय," आयुष म्हणाला. "आता झालं."

त्याने बटण दाबलं.

आणि मंडपाचं छत बोललं! पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सूर धावत गेला, खांबांतून उतरला, बसलेल्या माणसांच्या पाठीत शिरला. रडणारी लेकरं गप्प झाली. शिट्टी मारणारा तोंड उघडं टाकून उभा राहिला. हरिचंद गायचं विसरून वर छताकडे बघत होते, आणि मग त्यांचा आवाज त्या सुरावर असा चढला, की माणसं आपोआप उभी राहिली. दीक्षा मंचाच्या पायरीवरच बसून होती. इतकीशी पेटी, दोन हातांत मावणारी. तिच्यातून एवढं मोठं काही बाहेर पडू शकतं? बाहेरचं आत येत नाही, असं तो म्हणाला होता. आतलं असं बाहेर येतं, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुष दुकानात आला. पाठीवर गिटार, हातात निळी पेटी. पार्टीची जीप कोपऱ्यावर उभी होती.

ग्यानोबा पत्र्यावर रेघा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "काय पाहिजे?"

"पेटी सांगायची होती, काका. मोठी. लग्नाची. पुढच्या जयंतीला घ्यायला येतो… आईला अन् बाबांना घेऊन."

"नाव कुणाचं टाकायचं?"

आयुषने हातातल्या निळ्या पेटीकडे पाहिलं. "नाव… त्यांनी आधीच टाकलंय."

ग्यानोबांनी बराच वेळ पत्र्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. काल तिला मंचावर चढताना त्यांनीही पाहिलंच होतं, साऱ्या गावासोबत.

"वर्ष म्हणजे बारा महिने," ते म्हणाले. "तेरावा लागला तर पेटी दुसऱ्याला."

"लागणार न्हाई, काका."

"मी चहा सांगून येतो," म्हणत ते उठले. चहावाला समोरच होता, हाक मारली असती तरी आला असता.

दुकानात दोघंच उरले. आयुषने कडी काढून झाकण उघडलं. "अर्धं नाव खरवडलं गेलं तुमचं. नीट करून द्या ना."

दीक्षाने त्या चमकत्या पत्र्यावर बोट ठेवलं. "करंट इथूनच जातो ना?"

"व्हय."

"मंग राहू द्या."

त्याचा एक डोळा आधी मिटला, मग दुसरा. जीपचा हॉर्न वाजला. त्याने गिटार पुढे घेतली, कोपऱ्यातल्या स्पीकरला वायर लावली, पेटी जमिनीवर ठेवली. बटण दाबून एकदाच, सगळ्या तारांवरून हात फिरवला.

भिंतीपासून छतापर्यंत पेट्या गाऊ लागल्या. तो त्या गाण्यातच वायर काढून, पेटी छातीशी धरून निघाला, कोपऱ्यावर वळून एकदा बघितलं, आणि गेला.

दीक्षा शेजारच्या पेटीवर तळवा टेकून उभी राहिली. जीपचा आवाज मोंढ्यापलीकडे विरला. एकेक करून सगळ्या पेट्या गप्प झाल्या. तिच्या हाताखालची तेवढी अजून थरथरत होती… निदान तिला तसं वाटलं. मग तिने तळवा उचलला, डोळ्यांसमोर धरला, आणि पाहतच राहिली.

पेटी केव्हाच शांत झाली होती. थरथरत होता तो हात.